नंबर एक कोण, हे ठरवतं कोण?

(गंगापूर रोडजवळचं मैदान. संध्याकाळ. मागे पथकाचा सराव.)

मागचा आवाज येतोय ना? माइकवर कितीही फोम लावा, तो येणारच. गणपती जवळ आले की नाशिकमध्ये संध्याकाळी सहानंतर शांत जागा शोधणं म्हणजे पार्किंग शोधण्यासारखंच आहे. म्हटलं, जाऊ दे, इथेच बोलू. विषयही तोच आहे.

हे जे वाजतंय ना, ते केरळातही वाजतं. तिकडच्या लग्नात, निवडणुकीच्या मिरवणुकीत. वाजवणारी पोरं मल्याळी, आणि नाव काय? नासिक ढोल. मुंबईत 'नाशिक बाजा' म्हणतात. म्हणजे आपल्या गावाचं नाव लागलेला एक अख्खा संगीतप्रकार आहे, आणि तो जगातल्या कुठल्याही चार्टवर, म्हणजे गाण्यांच्या क्रमवारीच्या यादीत, नाही. खाली नाही, वर नाही, कुठेच नाही.

आज चार्टबद्दलच बोलायचंय. गेली दोन-तीन वर्षं आपण मथळे वाचतोय: रॅप संपलं, कंट्री (अमेरिकेतलं गावाकडचं संगीत) परत आलं, कोरियन गाणी घुसली, जळगावच्या पोराचं मराठी गाणं ट्रेंडिंगला. प्रत्येक बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं, 'लोकांची आवड बदलली'. मला ते अर्धंच पटतं. आवड बदलते, पण सावकाश. मोजायची पद्धत मात्र एका रात्रीत बदलते. आणि पद्धत बदलली की चार्ट हलतो आणि नाव आवडीचं होतं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२५. अमेरिकेत बिलबोर्ड या संगीताच्या नियतकालिकाचा 'हॉट १००' नावाचा चार्ट आहे, १९५८पासून चालू. त्याच्या पहिल्या चाळीस गाण्यांत एकही रॅप गाणं उरलं नाही. १९९०नंतर पहिल्यांदा. म्हणजे पस्तीस वर्षांत प्रथमच! लगेच मृत्युलेख सुरू. हिपहॉप (म्हणजे रॅपचं घराणं) गेलं, पिढी बदलली, वगैरे.

आता त्या आठवड्यात नक्की झालं काय ते बघा. बिलबोर्डनं जुनी गाणी चार्टवरून काढायचा नियम कडक केला. आधी कसं होतं, गाणं वीस आठवडे झाल्यावर पन्नासाच्या खाली गेलं की बाहेर, आणि वर्षभर टिकलं असेल तर पंचविसाच्या खाली गेल्यावर बाहेर. नव्या नियमात ती वर्षाची मुदत अर्ध्यावर आली. सव्वीस आठवडे झाले आणि पंचविसाच्या खाली घसरलं, की निघा. केंड्रिक लामार आणि सिझा यांचं 'लुथर' हे गाणं त्यात सापडलं. लोक ऐकत होते, पण गाणं यादीतून गेलं. वरून टेलर स्विफ्टचा नवा अल्बम ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आलेला, त्यातल्या बाराच्या बारा गाण्यांनी एका आठवड्यात पहिल्या बारा जागा बळकावल्या होत्या. ही गाणी वर बसली की बाकीची तेवढी खाली ढकलली जाणारच.

रॅपची घसरण खोटी आहे असं मी म्हणत नाही. २०१७ साली अमेरिकेत हिपहॉप आणि आर-अँड-बी (रिदम अँड ब्लूज, त्याचं भावंड) मिळून सगळ्यात जास्त ऐकला जाणारा प्रकार ठरला होता, त्या उंचीवरून ते खाली आलंय हे खरं. पण 'शून्य' हा जो आकडा मथळ्यात आला, तो नियमानं दिला. उतार होता, त्याचा कडा नियमानं केला.

हे नवीन नाही. १९९१पर्यंत अमेरिकेत विक्रीचा चार्ट कसा बनायचा माहितीये? दुकानदाराला फोन. 'काय भाऊ, या आठवड्यात काय चाललंय?' तो आठवेल तसं, आवडेल तसं सांगणार. कंपनीच्या माणसानं दोन टी-शर्ट दिले असतील तर त्यांचं नाव आधी आठवणार. मग १९९१मध्ये बारकोडवरून विक्री मोजायला लागले. गल्ल्यावर प्रत्यक्ष जे विकलं गेलं तेवढंच. आणि काय झालं? जूनमध्ये एनडब्ल्यूए या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्स या कंट्री गायकाचा अल्बम आला तोच थेट पहिल्या जागेवर. ज्या गाण्यांना शहरातला दुकानदार 'खेड्यातली' किंवा 'पोराटोरांची' म्हणत होता, ती लोक कधीपासून विकत घेत होते. फोनवर कुणी सांगत नव्हतं, इतकंच.

आता आपल्याकडे या. इंग्लंडमधला पहिला चार्ट निघाला १४ नोव्हेंबर १९५२ला, तोही दुकानांना फोन करून. आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ३ डिसेंबर १९५२ला, रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. योगायोगच, पण मला फार आवडतो. गीतमाला सिलोनवर का? कारण त्या वेळचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, त्यांना सिनेमाची गाणी आकाशवाणीवर नको होती. शास्त्रीय ऐका म्हणाले. लोकांनी काटा फिरवला आणि श्रीलंका लावली! पाच वर्षांनी, १९५७ला, विविध भारती काढावी लागली.

गीतमालेत सुरुवातीला क्रम नव्हताच. सात गाणी लावायची आणि श्रोत्यांनी क्रम ओळखून पत्रं पाठवायची. पायदान, म्हणजे क्रमांक, वगैरे नंतर आलं. पुढे रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पत्रं असा हिशेब असायचा. आता पत्र कोण लिहिणार? ज्याला लिहिता येतं तो, ज्याच्याकडे कार्डाला पैसे आहेत तो, आणि ज्याला हौस आहे तो. आमच्या आजीला सगळी गाणी पाठ होती, तिनं आयुष्यात एकही पत्र टाकलं नाही. गीतमाला सादर करणाऱ्या अमीन सायानींच्या हिशेबात आजी नव्हती. सायानींना दोष नाही, त्यांनी जमेल तसं मोजलं, आणि त्या आवाजासाठी त्यांना सगळं माफ.

मी पाहिलेला सगळ्यात प्रामाणिक चार्ट शालिमारला होता. मोबाईलच्या एका गाळ्यात. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना आठवेल, मेमरी कार्ड द्यायचं आणि गाणी भरून घ्यायची. आमचा एक मित्र तिथे कॉम्प्युटरवर बसायचा. त्याच्याकडे फोल्डर होते. 'नवीन हिंदी', 'दर्दभरी', 'डीजे हळद', 'भीमगीत', 'देवीची गाणी', 'अहिराणी'. सटाण्याचा माणूस आला की न विचारता अहिराणी. ट्रक ड्रायव्हर असला की दर्दभरी, आणि तीही नव्वदच्या दशकातली. त्याला नुसता चेहरा बघून कळायचं. या आठवड्यात काय जोरात आहे विचारलं तर तो नाशिक रोड ते पंचवटीपर्यंत भागवार सांगायचा. (बेकायदा होतं ते सगळं, मान्य. कलाकाराला दमडी मिळत नव्हती.) पण त्या फोल्डरांमधलं काहीही कधी कुठल्या यादीत आलं नाही. आज तो स्क्रीनगार्ड लावून देतो.

मग फोनमध्ये यूट्यूब आलं, डेटा स्वस्त झाला, आणि त्या फोल्डरातले लोक एकदम मोजणीत आले. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला आपल्याकडचा खरा बदल हा आहे. 'हाई झुमकावाली पोर' हे अहिराणी गाणं महाराष्ट्रभर वाजलं, ज्यांना अहिराणीतलं ओ की ठो कळत नाही ते सुद्धा नाचले. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४मध्ये आलं, मागे सिनेमा नाही, मोठा हिरो नाही. तो आणि जी-स्पार्क, दोघांनी केलेलं गाणं. लोक म्हणाले, ग्रामीण संगीताची लाट आली. अहो, लाट कसली? मालेगाव, बागलाण, कळवणच्या हळदीत अहिराणी कधी नव्हती? फक्त आता मोजणारं यंत्र त्यांच्याच खिशात आलं.

अर्थात यंत्रही भोळं नसतं. २०१९मध्ये बादशाहच्या 'पागल' गाण्यानं चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूजचा दावा केला. जाहिरातीतून आलेले व्ह्यूज त्यात होते, आणि तसं करायला तेव्हा बंदी नव्हती. मग यूट्यूबनंच नियम बदलला, की जाहिरातीचे व्ह्यूज विक्रमात आणि चार्टमध्ये धरायचे नाहीत.

आता खोक्यांचं बघू. चार्ट म्हटलं की खोकी आली: पॉप, रॅप, कंट्री. २०१९मध्ये लिल नॅस एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' हे गाणं बिलबोर्डनं कंट्रीच्या यादीतून काढलं. पुरेसं कंट्री नाही म्हणून. तेच गाणं मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं. पाच वर्षांनी, २०२४ला, शाबूझीचं 'अ बार साँग' आलं. जुन्या रॅप गाण्याच्या ओळीवर बेतलेलं कंट्री. ते कंट्रीच्या यादीत पहिलं, मुख्य यादीत पहिलं, आणि तिथे बरोबर १९ आठवडे! मधल्या काळात खोक्याची भिंत सरकली. त्याच वर्षी बियॉन्से कंट्रीच्या यादीत पहिली आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. आणि त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२३मध्ये, 'हॉट १००'च्या वरच्या तिन्ही जागा कंट्रीकडे होत्या, इतिहासात पहिल्यांदा. के-पॉपचं, म्हणजे त्या कोरियन गाण्यांचं, मी थोडक्यात सांगतो: बीटीएस या गटानं २०२०ला दार उघडलं, २०२५ला एका अ‍ॅनिमेशनपटातलं 'गोल्डन' पहिलं आलं. त्यावर व्हिडिओ करणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत.

आपल्याकडचं खोकं बघायचं तर गाण्याचं एखादं देशी अ‍ॅप उघडा आणि भाषा निवडायला जा. हरियाणवी दिसेल, राजस्थानी दिसेल. अहिराणी? मराठीत शोधा. आणि 'गुलाबी साडी' कशात टाकणार? लोकगीत? पॉप? लग्नाचं? माझं विचाराल तर 'लग्न' हाच आपला सगळ्यात मोठा संगीतप्रकार आहे.

आणि मोसम! अमेरिकेत डिसेंबर आला की चार्ट नाताळाच्या गाण्यांनी भरतो. मरायाह कॅरीचं नाताळाचं गाणं १९९४चं, ते पहिलं आलं २०१९ला, पंचवीस वर्षांनी. तेव्हापासून दर डिसेंबरात वर येतं, आणि २०२५मध्ये तर त्यानं १९ आठवड्यांचा विक्रमही मागे टाकला. सणाचं गाणं सगळ्यात पुढे. आता कल्पना करा की मराठीचा असा आठवड्याचा पक्का चार्ट आहे. १४ एप्रिलच्या आठवड्यात काय दिसेल? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी हजारो गीतं लिहिली. त्या आठवड्यात पहिल्या दहांत नव्या सिनेमाला जागा मिळेल का? मग गणपती, मग वणीच्या देवीची गाणी. आपला चार्ट पंचांगासारखा फिरेल.

शेवटची गोष्ट, आणि ही सध्याची आहे. बिलबोर्डच्या हिशेबात पैसे भरून ऐकणारा आणि जाहिराती सोसून फुकट ऐकणारा सारखे नाहीत. अल्बमच्या एका विक्रीबरोबर धरायला पैसेवाल्यांचे १,२५० वेळा ऐकणं पुरायचं, फुकटवाल्यांचं ३,७५० वेळा लागायचं. म्हणजे तीन फुकटे बरोबर एक गिऱ्हाईक. बिलबोर्डनं ते १,००० आणि २,५०० केलं, म्हणजे अडीचास एक. यूट्यूबचं म्हणणं, सगळे सारखे धरा. नाही पटलं, तर यूट्यूबनं सांगितलं की जानेवारी २०२६पासून आम्ही आकडेच देणार नाही. दोन्हीकडे धंदा आहे, कुणी संत नाही. बिलबोर्डची बाजू मला कळते, पैसे मोजणाऱ्याचं ऐकणं जास्त मुद्दाम असतं. पण अंबड एमआयडीसीतून शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये जाहिरातीसकट गाणी ऐकणारा पोरगा अडीचात एक कसा, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

तर मी एक काम सुरू केलंय. तुमच्या गावच्या हळदीत कोणतं गाणं लागल्याशिवाय माणसं खुर्चीवरून उठत नाहीत, ते गावाच्या नावासकट मला कळवा. निफाड, येवला, पेठ, सुरगाणा, जिथे असाल तिथून. व्ह्यूज बघणार नाही, फुकट-पैसे बघणार नाही. एक गाव, एक मत. यादी पुढच्या महिन्यात वाचून दाखवतो...

थांबा, ताशा सुरू झाला. आता माझं काही ऐकू यायचं नाही तुम्हाला. कॅमेरा तिकडे फिरवतो.