जुगाराचा अड्डा मोबाइलमध्ये आला तेव्हा

गावाबाहेर, बाभळीच्या आडोशाला, ताडपत्रीवर विस्कटलेली बावन्न पाने पडली आहेत आणि पंचांसमोर नोटा मोजल्या जात आहेत. अशा छाप्यानंतर महाराष्ट्रात आजही जे 'कलम १२ (अ)' लागते, ते १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमातले आहे.

त्याआधी वीस वर्षे, १८६७ मध्ये, ब्रिटिश सरकारने सार्वजनिक जुगार अधिनियम केला होता. दोन्ही कायद्यांचा रोख खेळापेक्षा जागेवर होता. अड्डा कोण चालवतो, आत कोण सापडले, पत्ते-फासे मिळाले का, एवढेच पाहिले जाई. निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट होती. मुंबईत तर पावसावरही सट्टा चाले. पावसाला पत्ते लागत नाहीत की फासे, म्हणून १८९० मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला.

पुढे संविधानाने 'पैज आणि जुगार' हा विषय राज्यांकडे दिला. त्यामुळे गोव्याने १९९२ पासून कॅसिनोची वाट मोकळी केली, तर महाराष्ट्राने १९७६ मध्ये संमत केलेला कॅसिनो कायदा कधीच अमलात न आणता २०२३ मध्ये रद्द केला.

खरी गुंतागुंत न्यायालयात झाली. बक्षिसांच्या शब्दकोड्यांसंबंधीच्या खटल्यात, १९५७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ऋग्वेदापासून महाभारतापर्यंतचे दाखले देत, जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही, असे ठरवले. १९६७ मध्ये रमीचा प्रश्न आला. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते, म्हणून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे ऑनलाइन रमीच्या कंपन्यांनी याच वाक्याचा आधार घेतला. मात्र पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळातून क्लब स्वतः नफा कमावत असेल तर गुन्हा ठरू शकतो, हेही त्याच निकालात लिहिलेले आहे. आमच्या मते ऑनलाइन रमीच्या संदर्भात हा भाग अधिक महत्त्वाचा होता आणि नेमकी त्याचीच चर्चा कमी झाली.

मोबाइल आल्यावर छापा घालायला जागाच उरली नाही. शेवटी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून तो ऑनलाइन खेळवण्यास या कायद्याने बंदी घातली. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे पाऊल फार उशिरा पडले, पण दिशा योग्य आहे. त्याविरुद्ध उच्च न्यायालयांत गेलेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये स्वतःकडे घेतल्या.

नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याला फसलेला माणूस मानले आहे. १८८७ च्या कायद्यात मात्र ताडपत्रीवर बसलेला प्रत्येक जण आजही आरोपीच आहे.