दू फूची झोपडी आणि दोन पाऊस

श्रोतेहो, नमस्कार.

चिनी कवितेतल्या पावसाविषयी बोलायचं तर सुरुवात दू फूपासूनच करायला हवी. इसवी सन 712 ते 770 हा त्याचा काळ, तांग राजवटीचा. 755 साली आन लुशान या सेनापतीनं बंड केलं, देश होरपळला, आणि बायकामुलांना घेऊन वणवण करत दू फू सिचुआनमधल्या चेंगदूला पोचला. 760 साली तिथं त्यानं गवतानं शाकारलेली एक झोपडी उभी केली. पुढच्याच वर्षी, त्याच झोपडीत, त्यानं पावसावर दोन कविता लिहिल्या. एक वसंतातली, दुसरी शरदातली. चिनी माणूस आभाळाकडे कशा नजरेनं पाहतो, हे मला या दोन कवितांइतकं दुसऱ्या कशातूनच उमगलेलं नाही.

वसंतातली कविता जेमतेम चाळीस अक्षरांची. चांगला पाऊस आपली वेळ ओळखून येतो, असं ती सुरुवातीलाच सांगते. हा पाऊस वाऱ्याच्या मागून हळूच रात्रीत शिरतो आणि आवाज न करता सगळ्याला ओलावा देतो. शेतातली पायवाट काळोखात बुडालेली, वर ढगही काळे, आणि नदीतल्या एका नावेवर तेवढा दिवा. सकाळी बघावं तर फुलं पाण्यानं जड झालेली. गंमत म्हणजे पाऊस हा शब्द पहिल्या ओळीत एकदा येतो आणि नंतर कवितेत कुठंच येत नाही. पुढं नुसत्या त्याच्या खुणा आहेत. त्यातली ‘आवाज न करता भिजवतो’ ही ओळ आज चीनमध्ये चांगल्या शिक्षकाबद्दल बोलताना सहज वापरतात.

वेळेवर येणाऱ्या पावसाचं हे अप्रूप शेतकऱ्याचं आहे. आपल्याकडे मृग, आर्द्रा, हस्त ही नक्षत्रं शेतकऱ्याच्या तोंडी असतात, तसे चीनमध्ये वर्षाचे चोवीस भाग पाडलेले आहेत. साधारण 20 एप्रिलला सुरू होणाऱ्या भागाचं नावच ‘धान्याचा पाऊस’. 2016 साली युनेस्कोनं या कालगणनेची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली. ‘वारा बेताचा, पाऊस वेळेवर’ ही चार अक्षरं तिथं सुखाचे दिवस सांगायला पुरतात.

चार अक्षरी वाक्प्रचार ही तर चिनी भाषेची खासियतच. संकटावर संकट आलं की ते म्हणतात, बर्फावर आणखी हिमकण. अडल्यानडल्याला नेमक्या वेळी मदत केली, तर ‘बर्फात कोळसा पोचवला’. शत्रूंनाही एकत्र आणणाऱ्या संकटाबद्दल बोलताना वारा-पावसात सापडलेली एकच नाव येते. युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या सुन त्झूनं म्हटलं होतं, वू आणि युए या राज्यांचे लोक एकमेकांचा द्वेष करतात, पण एकाच नावेतून जाताना वादळ आलं तर डावा-उजवा हात एकमेकांना सांभाळतात तसे वागतील.

आणि सगळ्यात जुना, मला फार जवळचा वाटणारा वाक्प्रचार आहे, ‘पाऊस येण्याआधी घरटं बांधून घे’. तो चीनच्या सर्वांत प्राचीन काव्यसंग्रहातल्या एका पक्षिणीच्या गाण्यातून आलाय. घुबडानं तिची पिल्लं पळवलीत. आभाळ भरून यायच्या आत ती तुतीच्या मुळांची साल आणून घरट्याची दारं-खिडक्या विणते. पंजे दुखतात, चोच सोलवटते, पिसं झडतात, तरी घरटं वारा-पावसात हेलकावत राहतं. आज हा वाक्प्रचार बैठकांमध्ये, अंदाजपत्रकांमध्ये ‘आधीच तयारी ठेवा’ एवढ्याच अर्थानं वापरला जातो. मला मात्र त्या आईच्या सोलवटलेल्या चोचीचा विसर पडत नाही.

दू फूचं घरटंही असंच हेलकावलं. त्याच 761 सालच्या शरदात वादळानं त्याच्या छपरावरचं गवत उडवून नेलं. काही नदीपलीकडे पडलं, काही झाडांच्या शेंड्यांना अडकलं. शेजारच्या गावातली पोरं म्हातारा पाहून त्याच्या डोळ्यांदेखत गवत उचलून बांबूच्या बनात पळाली. ओरडून ओरडून त्याच्या घशाला कोरड पडली. काठी टेकत तो परतला, आणि मग पाऊस सुरू झाला. कित्येक वर्षं वापरलेली, लोखंडासारखी गार गोधडी, तिचा आतला कपडा झोपेत लाथा झाडणाऱ्या मुलानं फाडलेला. उशापाशी गळती, कोरडी जागा म्हणून नाही. इथं कुणीही स्वतःचंच रडगाणं गायलं असतं. दू फू म्हणतो, लाखो खोल्यांचं एक प्रचंड घर मिळेल का, ज्यात जगातले सगळे गरीब विद्वान हसतमुखानं राहतील आणि वारा-पावसात ते डोंगरासारखं अचल उभं राहील? असं घर डोळ्यांसमोर उभं राहिलं, तर माझी एकट्याची झोपडी मोडली आणि मी गारठून मेलो तरी चालेल. बाराशेहून अधिक वर्षं झाली, आणि या ओळींशी मला आजही थांबावं लागतं.

त्याच सिचुआनच्या बाजूला, पुढच्या शतकात, ली शांगयिन या कवीनं अठ्ठावीस अक्षरांच्या कवितेत एक पत्र लिहिलं. तू विचारतेस कधी येणार, तर अजून काही ठरलेलं नाही. बा डोंगरातल्या रात्रीच्या पावसानं शरदातली तळी भरलीत. पश्चिमेच्या खिडकीशी बसून मेणबत्तीची वात कापत, या बा डोंगरातल्या रात्रीच्या पावसाबद्दल आपण कधी बोलू? चार ओळींच्या कवितेत शब्द पुन्हा वापरणं सहसा टाळतात. इथं ‘बा डोंगरातला रात्रीचा पाऊस’ मुद्दाम दोनदा आलाय, एकदा पडताना आणि एकदा आठवताना. पत्र पत्नीला की मित्राला, यावर अभ्यासकांचा वाद आहे, कारण त्याची पत्नी 851 च्या सुमारास वारली आणि तो सिचुआनला गेला तोही त्याच काळात. काही जुन्या प्रतींच्या शीर्षकात पत्नीचा उल्लेख आहे, आणि मी ही कविता तशीच वाचते.