अर्धी गोळी

(पडद्यावर: ओट्याचा कोपरा, स्टीलची वाटी, गोळी कापायची प्लास्टिकची डबी. मागे कुकरच्या शिट्ट्या. संगीत नको.)

ही माझी मावशी, सांगलीची. एक दिवसाआड सकाळी चहाच्या आधी ही पाच मिलिग्रॅमची एक गोळी त्या डबीत ठेवते, झाकण दाबते, कट्ट करून दोन तुकडे, अर्धी आज, अर्धी उद्याला वाटीत. सहा वर्षं झाली. गोळीचं नाव कार्बिमाझोल, पण घरात ते नाव कुणालाच येत नाही, सगळे नुसतं "मावशीची थायरॉईडची" म्हणतात.

आता थायरॉईड म्हटलं की आपल्याकडे एकच चित्र डोळ्यासमोर येतं, वजन वाढलंय, केस गळतायत, दुपारी डोळे मिटतात. म्हणून मावशी दोन-तीन महिन्यांत नऊ किलो उतरली तेव्हा सुरुवातीला तर सगळ्यांनी कौतुकच केलं, कुठलं डाएट करतेस गं म्हणून बायका विचारायच्या. मग पोळी लाटताना हात थरथरायला लागले, डिसेंबरात पंखा फुल्ल, जिना चढला की मांड्यांत जीव नाही, आणि एका रात्री छातीत इतकं धडधडलं की तिला वाटलं झालं, आता अॅटॅकच. ईसीजी काढला, नाडी नुसती पळतीये, बाकी ठीक. डॉक्टर म्हणाले रक्त द्या. टीएसएच जवळपास शून्य, टी-थ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईडची हार्मोन्स, दोन्ही भरपूर वर.

म्हणजे हायपर. गळ्यातली अवटू ग्रंथी कमी नाही, जास्त काम करतीये.

टीएसएच शून्य म्हटल्यावर लोक उलटंच समजतात म्हणून सांगते. टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्युटरीचा निरोप असतो, की बाई, हार्मोन बनव. हार्मोन आधीच ओसंडून वाहतंय म्हटल्यावर पिट्युटरी निरोप द्यायचाच बंद करते. तरी ग्रंथी थांबत नाही, कारण मावशीच्या केसमध्ये तिच्याच शरीरातल्या अँटिबॉडी टीएसएचचं सोंग घेऊन ग्रंथीच्या बेलवर बोट दाबून उभ्या आहेत. याला ग्रेव्हज डिसीज म्हणतात. रॉबर्ट ग्रेव्हज हे डब्लिनचे डॉक्टर, त्यांनी १८३५ मध्ये लिहिलं, आणि १८४० मध्ये जर्मनीत बासेडो यांनी लिहिलं, म्हणून जर्मनीत आजही तो बासेडोचा आजार.

पण हायपर म्हणजे दरवेळी ग्रेव्हजच असतो असं नाही, आणि गोळ्या की दुसरं काही हा प्रश्न इथूनच फाटे फोडतो. ग्रंथीत गाठी असतील आणि त्या गाठीच स्वतःच्या मनाने हार्मोन बनवत असतील तर गोळ्यांनी ते दाबून ठेवता येतं, गाठ काही सुधारत नाही, गोळी बंद केली की परत येरे माझ्या मागल्या. कधी ग्रंथीला नुसती सूज आलेली असते, आतला साठा रक्तात गळतोय, तिथे कार्बिमाझोल देऊन उपयोगच नाही, धडधडीचं औषध घ्यायचं आणि थांबायचं. म्हणून त्या अँटिबॉडी शोधणारी ट्रॅब नावाची रक्ततपासणी, नाहीतर ग्रंथी कुठे किती काम करतीये ते दाखवणारा टेक्नेशियमचा स्कॅन. (आणि हो, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा, काही मशिनवर त्याने रिपोर्ट चक्क खोटा हायपर येतो.)

(पडद्यावर: जुनी फाईल, रिपोर्टांचा गठ्ठा, रबरबँड.)

मावशीची ट्रॅब पॉझिटिव्ह. सुरुवात मोठ्या डोसने, रोज तीस मिलिग्रॅम, सोबत प्रोप्रानोलॉल, ज्याने धडधड आणि थरथर आठवड्याभरात कमी झाली. कार्बिमाझोलला मात्र वेळ लागतो, कारण ते नवीन हार्मोन बनणं अडवतं, आधी बनून ठेवलेल्या साठ्याला हात लावत नाही, तो संपेपर्यंत थांबावंच लागतं.

या औषधांची सुरुवात उंदरांपासून झाली. १९४० च्या आसपास अमेरिकेत भलत्याच कामासाठी उंदरांना काही रसायनं देत होते आणि उंदरांचे गळे सुजले. बोस्टनच्या एडविन अॅस्टवूड यांनी त्यातलं मर्म ओळखलं, की ग्रंथी हार्मोन बनवू शकत नाहीये म्हणून बिचारी फुगतीये, आणि १९४३ मध्ये त्याच जातीची औषधं हायपरच्या पेशंटना देऊन दाखवली. कार्बिमाझोल नंतरचं, १९५० च्या दशकातलं, ब्रिटनमधलं. शरीरात गेल्यावर त्याचं मेथिमाझोल होतं, म्हणून परदेशातला नातेवाईक वेगळं नाव सांगतो पण गोष्ट एकच असते.

रिवाज असा की बारा ते अठरा महिने गोळ्या द्यायच्या, मग बंद करून बघायचं. साधारण अर्ध्या लोकांना परत होतं. मावशी त्या अर्ध्यातली. गोळी बंद केल्यावर सातव्या महिन्यात लाटणं परत हलायला लागलं.

आणि मग आमच्याकडे तो शब्द आला, "कायमचं". कायमचं काहीतरी करून टाका. मामा म्हणाला, शेजारच्या काकू म्हणाल्या, डॉक्टरही म्हणाले. धण्याचं पाणी पाठवणारे ग्रुपवर होतेच, त्यांचं सोडा.

कायमचं म्हणजे एक तर रेडिओआयोडीन. बोस्टनमध्येच १२ नोव्हेंबर १९३६ ला एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन डॉक्टरांसमोर भाषण देत होते, भौतिकशास्त्र वैद्यकाला काय देऊ शकतं यावर. श्रोत्यांतून सॉल हर्ट्झ नावाच्या तरुण डॉक्टरने विचारलं, आयोडीन किरणोत्सारी करता येईल का? बघा ना किती साधा प्रश्न, थायरॉईड रक्तातलं आयोडीन ओढून घेते हे माहीत होतंच, मग तेच आयोडीन आतून मारा करणारं दिलं तर? पुढे हर्ट्झ आणि आर्थर रॉबर्ट्स यांनी सशांवर प्रयोग केले, तेही अशा आयोडीनवर की जे पंचवीस मिनिटांत निम्मं व्हायचं, म्हणजे नुसती धावपळ. मार्च १९४१ मध्ये पहिल्या पेशंटला दिलं.

(पडद्यावर: ट्रॉम्बेचा समुद्र, लांबून अणुभट्टीचा घुमट. मग परळचा रस्ता, संध्याकाळची गर्दी.)

आपल्याकडे ते ट्रॉम्बेत बनतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि शिशाच्या भांड्यातून हॉस्पिटलांना जातं. ते वापरायचं घाईत, कारण आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. परळला टाटा हॉस्पिटलच्या आवारात भाभा केंद्राचंच रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासून, आणि थायरॉईडचे पेशंट तिथे वर्षानुवर्षं येतायत. द्यायची पद्धत अगदीच साधी, एक कॅप्सूल किंवा घोटभर पाणी. हायपरसाठीच्या डोसला बहुतेक वेळा अॅडमिटही करत नाहीत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांना मे १९९१ मध्ये जॉगिंग करताना हृदयाचे ठोके अनियमित झाले, निघाला ग्रेव्हज, त्यांना हेच दिलं, आणि गंमत म्हणजे बार्बरा बुश यांनाही आधीच ग्रेव्हज झालेला होता, नवरा-बायको दोघांना कसा म्हणून घरच्या पाण्याचीही तपासणी झाली, निघालं काही नाही.

पुढच्या आठवड्या-महिन्यांत ग्रंथी हळूहळू जळत जाते. आणि बहुतेकांना त्यानंतर हायपो होतो, म्हणजे हार्मोन कमी पडायला लागतं, मग थायरॉक्सिनची गोळी, रोज, जन्मभर. हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं हो. म्हणजे सांगितलं असेल, पण "कायमचं" या शब्दाच्या आवाजात ऐकूच आलं नाही. एक गोळी सुटून दुसरी लागते. ती दुसरी सोपी आहे हे खरं, थायरॉक्सिन म्हणजे शरीराचंच हार्मोन, डोस बसला की वर्षातून एक-दोन तपासण्या, आणि हायपर परत येईल ही टांगती तलवार गेली. माझ्या ओळखीतल्या दोघी ते घेऊन मस्त आहेत. पण गोळीतून सुटका म्हणून जात असाल तर तिथे सुटका नाहीये.

मावशीची अडचण वेगळीच होती, डोळे. ग्रेव्हजमध्ये डोळ्यांमागचे स्नायू आणि चरबी सुजते, डोळे पुढे येतात, वाळू गेल्यासारखे चुरचुरतात. रेडिओआयोडीनने हे वाढू शकतं, कारण त्यानंतर कित्येक महिने त्या अँटिबॉडी उलट वर जातात, आणि सिगरेट ओढणाऱ्याला तर जास्तच धोका. स्टेरॉइडच्या आडोशाने देतातही, पण तिचे डोळे त्या वेळी चांगलेच लाल होते. वर घर दोन खोल्यांचं, दोन नातवंडं तिच्या कुशीत झोपणारी, आणि डोस घेतल्यावर काही दिवस पोरांपासून लांब राहायचं, वेगळं झोपायचं. ती म्हणाली, अगं मी लांब राहीन, पण ती राहतील का?

दुसरं कायमचं म्हणजे ऑपरेशन. स्वित्झर्लंडच्या बर्नमधल्या थिओडोर कोखर यांनी हे ऑपरेशन इतकं सुरक्षित केलं की १९०९ चं नोबेल मिळालं, त्याआधी लोक टेबलवर दगावायचे. आज अनुभवी सर्जन असेल तर धोका कमी, तरी दोन गोष्टी तिथेच चिकटलेल्या असतात, आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारक्या ग्रंथी. आमची साऊंड रेकॉर्डिस्ट, ती आत्ता हे रेकॉर्ड करताना हेडफोन लावून माझ्याकडे बघून हसतीये, तिने ऑपरेशनच घेतलं. वय एकोणतीस, बाळ हवं होतं. कार्बिमाझोल गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळाला अपाय करू शकतं, म्हणून तेव्हा प्रोपिलथायोयुरासिल देतात, आणि त्याने लिव्हरला धोका. रेडिओआयोडीन घेतलं तर निदान सहा महिने थांबा. ऑपरेशनने अँटिबॉडीही हळूहळू उतरतात. तिने सगळं वहीत मांडलं आणि सर्जन शोधला. आठवडाभर घोगरा आवाज, बारीकसा व्रण, रोज थायरॉक्सिन, आणि तीन वर्षांची पोरगी.

मावशी मात्र कशालाच हो म्हणेना. मग दुसऱ्या एका डॉक्टरीण बाईंनी विचारलं, की कमी डोसवर तुम्हाला काही त्रास आहे का? नाही. मग चालू ठेवू.

मला तेव्हा वाटलं ही टाळाटाळ आहे. पण तेहरानमध्ये फेरेदून अझीझी यांच्या टीमने हेच तपासलंय. दीड-दोन वर्षांचा कोर्स झालेले ग्रेव्हजचे पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले, एकाची गोळी बंद, दुसऱ्याची छोट्या डोसवर चालू, सरासरी जवळजवळ आठ वर्षं. मग दुसऱ्यांचीही थांबवली आणि प्रत्येकावर चार वर्षं लक्ष ठेवलं. लवकर बंद केलेल्यांत ५३ टक्क्यांना परत झालं, लांब घेतलेल्यांत १५ टक्क्यांना. २०१९ मध्ये छापून आलं. एकाच शहरातला अभ्यास आहे, त्यावरून सगळ्या जगाचं ठरवू नये. तरी अमेरिकेत जिथे अनेक वर्षं रेडिओआयोडीनच पहिलं द्यायचे तिथेही आता गोळ्यांकडे कल वाढलाय, युरोप-जपानमध्ये तो आधीपासून होताच.

फुकट काहीच नसतं म्हणा. या गोळीचा एक दुष्परिणाम दुर्मिळ पण भयंकर, पांढऱ्या पेशी अचानक कोसळतात, हजारात दोन-पाच जणांना, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, पण नंतर होतच नाही असं नाही. ताप आला, घसा दुखला की गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी. आता सांगलीत पावसाळ्यात घसा कुणाचा दुखत नाही? मावशी सहा वर्षांत चार वेळा लॅबमध्ये जाऊन आली, चारही वेळा नुसती सर्दी. ती वैतागते, पण जाते. गोळ्या विसरणाऱ्या, तपासणीला कंटाळणाऱ्या माणसाने हा रस्ता घेऊ नये असं माझं मत. हृदयाचे ठोके आधीच बिघडलेत अशा म्हाताऱ्या माणसालाही परत-परत हायपर होऊ देणं परवडत नाही.

(पडद्यावर: मावशी खिडकीपाशी, चष्मा लावून रिपोर्ट वाचतीये. डोळे आता शांत.)

गेल्या महिन्यात ट्रॅब निगेटिव्ह आली, पहिल्यांदाच. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, बंद करून बघूया का? आम्ही सगळे खूश. मावशीने रिपोर्टची घडी घातली, फाईलमध्ये ठेवला, रबरबँड लावलं.

"लग्न आहे मार्गशीर्षात पोरीचं," ती म्हणाली. "तेवढं होऊ दे, मग बघू."

(कट्ट. अर्धी गोळी वाटीत.)