ती नंदीबैल नाही

(नागपूर. महालातली गल्ली, सकाळ. दारासमोर रांगोळी.)

ही मुलगी सहा वर्षांची. हात बघा तिचा, एकही ठिपका चुकत नाही. मानही स्थिर आहे.

रांगोळी झाली, ती उंबऱ्यावर टेकली आणि मान सुरू झाली. वर-खाली, वर-खाली, सेकंदाला दोन-तीनदा. शाळेत पोरं तिला नंदीबैल म्हणतात. घरात दृष्ट काढून झाली, दटावूनही झालं. मन लावून काही करताना मान थांबते, झोपेत तर पूर्णच थांबते. म्हणून सगळ्यांना वाटलं, मुद्दाम करते. अहो, हीच तर या आजाराची, ‘बॉबल-हेड डॉल सिंड्रोम’ची खूण!

(एमआरआयचं चित्र.)

मेंदूच्या मधोमध हा गोल फुगा. गाठ म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण ही कॅन्सरची गाठ नाही. मेंदूवरच्या पातळ आवरणात, अ‍ॅरॅक्नॉइडमध्ये, तयार झालेली ही पाण्याची थैली आहे, बहुधा जन्मापासूनची. ती मेंदूच्या तळाशी हार्मोन्स सोडणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीच्या वर वाढली की मेंदूतल्या पाण्याची वाट अडते. पाणी तुंबतं, डोकं मोठं होतं, आणि क्वचित एखाद्या मुलाची मान अशी डोलू लागते. १९६६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नोंदवलं, तेव्हा त्यांना स्प्रिंगवर मान हलवणारी बाहुली आठवली.

(ऑपरेशन थिएटरचा पडदा.)

आता आपण दुर्बिणीच्या डोळ्यानं बघतोय. कवटीला एक छोटं भोक, त्यातून पेन्सिलीएवढी दुर्बीण आत. हे मेंदूतलं पाण्याचं दालन. तो लाल झुबका हलतोय ना, तोच हे पाणी तयार करतो; मोठ्या माणसात दिवसाला जवळपास अर्धा लिटर. झुबक्याच्या कडेनं पुढे गेलं की दार सापडतं. एरवी अगदी चिंचोळं असलेलं हे दार इथं ताणलं गेलंय, आणि त्यातून निळसर पडदा फुगून वर आलाय. हे थैलीचं छत. त्यावरच्या रक्तवाहिन्या शेकून बंद केल्या, मग छेद घेतला. पडदा कसा सैल पडला बघा! पण एवढ्यावर भागत नाही. थैलीत उतरून तळही उघडायचा, म्हणजे पाण्याला मेंदूच्या बुडाशी दुसरी वाट मिळते. ती धडधडणारी बेसिलर धमनी, मेंदूला रक्त पुरवणारी. तिला धक्का न लावता, तिच्या शेजारीच हे काम चाललंय.

(घर. मुलगी वहीत चित्र काढतेय.)

मान डोलणं कमी झालंय, पुरतं गेलेलं नाही. नजर आणि हार्मोन्स पुढं काही वर्षं तपासत राहावं लागेल.

(शिलाई मशीन. आईच्या हातात टेप.)

बाळाचं डोकं मोजायला हीच टेप. भुवयांच्या वरून, मागं डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवायची. जन्मताना साधारण ३५ सेंटीमीटर, वर्षाचं झाल्यावर ४६च्या आसपास. आकडा भराभर वाढत असेल, तर बाळ हसतं-खेळतं असलं तरी मेडिकल, मेयो, जे सरकारी रुग्णालय जवळ पडेल तिथं न्या.

धाकटा दहा महिन्यांचा आहे. आई त्याचं डोकं मोजतेय, ताई टेपचं टोक धरून बसलीय.

(निवेदन नाही. मायलेकींचा आवाज.)