मोरीतला धूर

(दृश्य: उतारावर चढत गेलेल्या घरांच्या रांगा)
ही ब्रिटनच्या वेल्समधली ऱ्होंडा दरी. खाली कोळसा सापडला आणि दोन्ही नद्यांच्या कडेने, जागा मिळेल तिथे घरं उभी राहिली. १९०१ साली इथली वस्ती १,१३,७३५ होती. दहा वर्षांत ती दीड लाखाच्या पुढे गेली. कारभार पाहायला एक अर्बन डिस्ट्रिक्ट कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपरिषद.

(दृश्य: नदी)
आज पाणी स्वच्छ आहे. १८९३ च्या आरोग्य अहवालात याच पाण्यातून काय काय वाहतं याची यादी दिली आहे: मैला, तबेल्यातली घाण, कत्तलखान्यातली आतडी, मेलेली कुत्री-मांजरं, जुने बूट, राख. मग मैलापाणी थेट समुद्रापर्यंत नेणारी मोठी वाहिनी झाली. पण घरातून निघणारी सांडपाण्याची मोरी? ती बांधणाऱ्याने जशी बसवली तशीच. घराघरातली स्वच्छता तपासणाऱ्या सॅनिटरी इन्स्पेक्टरचं काम इथून सुरू होई: मोरी कुठे फुटली आहे ते शोधायचं.

(दृश्य: धुराचं यंत्र, हलणारा भाता)
तेलकट सुती चिंध्या पेटवायच्या आणि भात्याने धूर मोरीत दाबायचा. नळ धड असेल तर धूर छपरावरच्या वायुनळीतून बाहेर पडतो. जोड फुटका असेल तर फरशीच्या फटीतून वर येतो, कधी थेट झोपायच्या खोलीत. यंत्र नसेल तर पेपरमिंटचं तेल. एकाने ते गरम पाण्याबरोबर वरून ओतायचं, दुसऱ्याने घरभर हुंगत फिरायचं. ओतणाऱ्याने मात्र आत पाऊल टाकायचं नाही, कारण त्याच्या कपड्यांनाच वास लागलेला!

(दृश्य: छापील नोटीस)
धूर दिसला की नोटीस. १८७५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा सांगत असे: दोष बांधकामाचा असेल तर नोटीस घरमालकावर, भाडेकरूवर नाही. मुदतीत दुरुस्ती केली नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहायचं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण घाणीचा दोष तेव्हाही घरातल्या बाईच्याच माथी मारला जाई.

(दृश्य: खिडकीवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्या)
डिप्थीरिया किंवा स्कार्लेट फीव्हर असा संसर्गजन्य रोग निघाला तर डॉक्टरने आरोग्य अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक होतं. मग खोली निर्जंतुक करायला सगळ्या फटी बुजवून आत गंधक जाळत.

(दृश्य: खाणकामगाराच्या घरातला पलंग)
इथे मात्र नोटीस थिटी पडे. खाणीत पाळ्या चालत. रात्रपाळीचा माणूस घरी येई तेव्हा दिवसपाळीचा नुकताच उठून गेलेला असे. अंथरूण तेच, अजून कोमट. एवढी दाटी हा कायद्याने उपद्रवच, म्हणजे नोटीस देण्याजोगा दोष होता. पण पोटभाडेकरूंना काढून पाठवायचं कुठे? दरी अरुंद, घरं अपुरी, आणि भाडं फेडायला तेच पोटभाडेकरू हवेत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९०० साली जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १५४ वर्षाच्या आत दगावत. १९१० साली १०५. ऱ्होंडातली वस्ती त्यानंतरही १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाढत राहिली, मग घटत गेली.