गावाच्या आराखड्यात पोरांचं म्हणणं कसं आणायचं?

नमस्कार. शिमग्याला पालखी नाचवायची असो, गणपतीत मंडप घालायचा असो की पावसात रस्त्यावर आडवं झालेलं झाड तोडायचं असो, कोकणात पहिली हाक वाडीतल्या पोरांना जाते. पण गावाचा पैसा कुठे लावायचा याचा आराखडा ठरतो, तेव्हा त्यांना कोणी बोलावत नाही. मला हे खटकतं.

कायदा तुम्हाला अडवत नाही. 18 वर्षं पूर्ण झाली, गावच्या मतदारयादीत नाव लागलं, की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. निवडणुकीला उभं राहायला 21 वर्षं लागतात, ग्रामसभेत बोलायला नाही. नाव मुंबईच्या यादीत असेल, तर मात्र हा हक्क तिकडेच राहतो.

अठराच्या आतल्यांसाठी बालसभा आहे. विकास आराखडा करताना ती ग्रामसभेच्या आधी घ्यावी, अशा सूचनाच आहेत. बऱ्याचदा ती कागदावर उरकतात, आणि तिथेच नुकसान होतं. पऱ्यावरचा म्हणजे ओढ्यावरचा साकव, छोटा पूल, मोडला, तर पलीकडच्या शाळेत जाणाऱ्या मुलीचा रस्ता बंद होतो. पाणी कुठवर चढतं, कुठली फळी हलते, हे तिला बैठकीतल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत असतं. तिला विचारा ना!

आता पाणी. एवढा धो धो पाऊस पडणाऱ्या कोकणात मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या आपल्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. म्हणून वाडीतल्या पोरांनी एक काम करा: प्रत्येक विहीर कुठल्या महिन्यात आटते, ते वहीत लिहा, सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा. नुसतं ‘पाणी नाही’ म्हणण्यापेक्षा हा कागद जड पडतो.

तो कधी द्यायचा? आराखड्याचं काम साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं. त्याआधी गणपतीला चाकरमानी गावात असतात, तेव्हाच वाडीची बैठक लावा. काका, आजोबा, तुम्हालाही सांगते: त्या बैठकीत पोरांना पुढे बसवा.

मग ग्रामसभेत ठराव मांडा, सूचक-अनुमोदक तुमच्यातलेच ठेवा आणि तो प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहिला गेला का, ते तिथेच वाचून घ्या. मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर दिसतो. त्यात तुमची विहीर नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न तोच विचारा.