सण होता, गोष्ट नव्हती

[पुस्तकाचं पान, अगदी जवळून]

वरच्या ओळीतल्या या बायका बघा. साड्या नेसलेल्या, जमिनीवर बसून कणकेत हात घातलेल्या. कोकणातली पडवीच वाटते ना? पण ही भाकरीची तयारी नाही. ही मात्सा, यहुद्यांच्या वल्हांडण सणाची बिनखमिराची पोळी. पुस्तकाचं नाव हग्गादा, त्या सणाच्या रात्री घरात वाचायचं. 1874 साली पुण्यात, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात निघालेलं. हिब्रू, आणि सोबत आपली मराठी.

[नवगाव, ओहोटीची वेळ]

परंपरा सांगते, अलिबागजवळ इथंच बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष, सात बायका वाचल्या. पोथ्या बुडाल्या. वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी तो बंद, म्हणून गावानं नाव दिलं शनवार तेली. सुंता राहिली, 'शेमा' ही प्रार्थना राहिली, सण राहिले. यहुदी जगात ज्याला योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणतात, तो इथं दारफाळणीचा सण: दारं लावून घरात बसायचं. का बसायचं, ते हळूहळू विसरलं गेलं.

[मासळीची टोपली]

मग दाविद रहाबी नावाचा एक यहुदी आला. केव्हा, यावर अजून वाद आहेत. गोष्ट मात्र बेने इस्राएलांच्या घराघरांत ऐकायला मिळते. त्यानं बायकांपुढं मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. त्यांनी खवले-पर असलेले वेगळे काढले, बिनखवल्यांचे बाजूला सारले. यहुदी धर्मात खवले-पर असलेलेच मासे चालतात. त्याला ओळख पटली. झिराड, राजपुरी, शापूर अशा तीन घराण्यांतली माणसं त्यानं धर्मविधी शिकवून तयार केली. लोक त्यांना काजी म्हणू लागले.

[मुंबई, सॅम्युएल स्ट्रीट. सिनेगॉगचा दरवाजा]

हे शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार; यहुद्यांचं प्रार्थनाघर. 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलं. बेने इस्राएल सिनेगॉगलाही मशीदच म्हणत; ही त्यांची 'जुनी मशीद'. दार झालं, पण आत पढणारं कुणी हवं! ते कोचीनहून आले. त्यांतले शलोमो सालेम शुर्राबी मूळचे पुस्तकं बांधणारे. त्यांचंही जहाज फुटलं. मुंबईत उतरले ते इथलेच झाले आणि 1856 मध्ये वारेपर्यंत शिकवत राहिले.

तलमूद या यहुदी धर्मग्रंथात मोशे प्रेषिताच्या तोंडी एक वचन आहे: मी फुकट शिकवलं, तुम्हीही फुकट शिकवा. गुरुजींनी घ्यायचं ते बुडालेल्या वेळेचं. विद्येचा भाव करायचा नाही. शिकवण्या लावून दमलेल्या आपल्या घरांना हे जरा बोचावं.

[पुन्हा पुस्तक. बोट ओळीवरून फिरतं]

आणि ती विद्या हिब्रूच्या कुंपणात राहिली नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. 1846 सालीच मुंबईत शिळाछाप मराठी हग्गादा निघाली होती. पुढं जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकामागून एक प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. कीर्तनंही झाली: टाळ, पेटी, आणि आख्यान मोशेचं!

1948 नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. अलिबागच्या इस्राएल आळीत आता थोडीच उरलीत.

[पान उलटतं. आवाज थांबतो, मग पुन्हा]

सेदरच्या, म्हणजे वल्हांडणाच्या जेवणाच्या, रात्री घरातल्या सगळ्यात धाकट्यानं विचारायचं असतं. पुस्तकात ते मराठीतही आहे. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?